चांगली केस

"नऊ नंबरला चांगली केस आलीय, सगळ्यांनी बघून घ्या." तिसऱ्या वर्षाला मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग होतं तेव्हा रेसिडेंट सरांनी, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं शिकता शिकता वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी, असं सांगितलं आणि आम्ही बारा जण नऊ नंबरच्या खाटेकडे निघालो. खाटेवर तेवीस-चोवीस वर्षांची एक बाई उशांना टेकून बसली होती. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप आखडली होती. वैद्यकीय भाषेत मायट्रल स्टेनोसिस. त्या आखडलेल्या झडपेतून रक्त जाताना जो खर्जातला आवाज येतो तो सहजासहजी ऐकू येत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, श्वास पूर्ण सोडून धरायला सांगावं लागतं आणि मग स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, छातीवर नेमक्या जागी अलगद टेकवावी लागते. ज्या बाईला मुळातच धाप लागते तिला हे बारा वेळा करायला लावायचं होतं. माझा नंबर आठवा होता. मी जवळ गेले तशी ती आपणहून डावीकडे वळली, पदर बाजूला केला, श्वास सोडला आणि थांबली. काय करायचं ते तिला एव्हाना पाठ झालं होतं. कशासाठी करायचं, हे आमच्यापैकी एकानेही तिला सांगितलं नव्हतं.

मी माझं नावही सांगितलं नव्हतं. आवाज ऐकू आला, पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा कानाला कळली, मला खूप आनंद झाला आणि मी बाजूला होऊन नवव्याला जागा दिली.

आता इंटर्नशिप संपत आली आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर नियमाने बंधनकारक असलेलं हे एक वर्ष, एवढ्या काळात माझ्या हातांनी जे जे शिकलं ते कुणाच्या ना कुणाच्या अंगावर शिकलं. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. वैद्यकी दुसऱ्या कुठल्या रीतीने शिकता येत नाही, हे कुणीही समंजस माणूस मान्य करेल. मला खुपतं ते वेगळंच आहे. ज्यांच्या अंगावर आम्ही शिकलो त्यांना आम्ही विचारलं नाही. "मी विद्यार्थिनी आहे, तुम्हाला तपासून शिकायचंय, चालेल का?" एवढं एक वाक्य. ते म्हणायची सवय आम्हाला कुणी लावली नाही, आणि ते न म्हणताच आम्ही डॉक्टर होतो आहोत. सरकारी रुग्णालयातल्या शिक्षणाचा हा दोष आहे, आणि तो दूर करायला ना फार पैसे लागतात ना नवा कायदा.

अॅप्रन आणि गळ्यातला स्टेथोस्कोप बघून वॉर्डातली माणसं आम्हाला दुसऱ्या वर्षापासून 'डॉक्टर' म्हणायला लागतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर मूठभर मांस चढतं. "डॉक्टर, माझं ऑपरेशन कधी हो?" असं एका काकांनी विचारलं तेव्हा मी "उद्या राउंडला सर सांगतील" म्हणून पुढे सरकले. मी डॉक्टर नाही, हे सांगायला मला लाज वाटली. ते काका मला गेल्या चार दिवसांत आपलं सगळं सांगून मोकळे झाले होते. दारू कधी सुरू झाली, बायको माहेरी का निघून गेली, सगळं. हिस्ट्री घेताना आम्ही विचारतोच तसं. ते सांगत होते ते आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला. मी मात्र ते जर्नलमध्ये लिहून सबमिशनसाठी घेऊन गेले. मी खोटं बोलले नव्हते, नुसती गप्प बसले होते. पण समोरच्याचा गैरसमज आपल्या सोयीचा आहे म्हणून गप्प बसणं हे खरं बोलणंही नव्हे.

पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं करून शपथ दिली होती. समोरच्या देहाचा मान राखीन, त्याची चेष्टा करणार नाही, त्याचे उपकार विसरणार नाही. 2019 च्या तुकडीपासून जो नवा अभ्यासक्रम आला त्यात 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' असा एक स्वतंत्र पाठच आहे. शपथ घेताना माझ्या शेजारची मुलगी रडत होती. तो दिवस मला आजही महत्त्वाचा वाटतो. नंतर कधीतरी वाचलं की आपल्याकडे 1949 चा शरीरशास्त्र अधिनियम आहे, आणि त्यानुसार बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. आज देहदानाची चळवळ वाढली आहे, पण पिढ्यान् पिढ्या डॉक्टर शिकले ते ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांच्या देहांवर. म्हणजे तिथेही विचारलेलं नव्हतंच. पण निदान हात जोडले होते. त्या हॉलमधून बाहेर पडून आम्ही वॉर्डात गेलो, तिथे जिवंत माणसं होती, ती ऐकू शकत होती, हो किंवा नाही म्हणू शकत होती. आणि तिथे कुठलीच शपथ नव्हती.

नियम नाहीत असं नाही. त्याच नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचं एक प्रकरण आहे, 'अॅटकॉम' म्हणतात त्याला. 'रुग्ण असणं म्हणजे काय' असाही एक पाठ पहिल्याच वर्षी आहे. आमच्याकडे तो लेक्चर हॉलमध्ये, स्लाइडवर झाला. संमतीचे प्रकार किती, यावर टीप लिहा, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी पाठ केला होता. दुपारी दोन वाजता लेक्चर हॉलमध्ये संमती आणि सकाळी नऊ वाजता वॉर्डात 'चांगली केस', या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ कधी पडलीच नाही. विद्यार्थी शिकतो ते वरिष्ठांकडे बघून. सर पांघरूण ओढून पोट तपासतात तर मीही ओढते. मॅडम आधी "ताई, हात लावते हं" म्हणतात तर मीही म्हणते. आमच्या सर्जरीच्या एक मॅडम दर वेळी असं म्हणायच्या. त्यांच्या युनिटमधली मुलं आजही म्हणतात. सहा महिन्यांच्या त्या एका वाक्याने जे केलं ते अॅटकॉमच्या तासांनी केलं नाही.

लेबर रूमबद्दल लिहिताना हात जड होतो, पण तिथलं लिहिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. कळा सुरू झालेल्या बाईची आतून तपासणी करावी लागते, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते बघायला. सगळं ठीक चाललं असेल तर साधारण चार तासांनी एकदा ती पुरते. गरज नसताना वारंवार केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे आम्हाला परीक्षेत विचारतात. एका रात्री एक पहिलटकरीण आली होती, एकोणीस-वीस वर्षांची, ऊसतोडीच्या टोळीतली. सासू बाहेर व्हरांड्यात. रेसिडेंट मॅडमनी तपासलं, मग म्हणाल्या, "चार सेंटिमीटर आहे, फील घ्या सगळ्यांनी." आम्ही चार जण होतो. दोन मुली, दोन मुलगे. मी दुसरी होते. पहिल्या मुलीचा हात निघाला तेव्हा त्या बाईने मांड्या जवळ घेतल्या आणि आयाबाईने "पाय उघड, नाटकं करू नको" म्हणून तिच्या गुडघ्यावर चापट मारली. मी ग्लव्ह चढवून उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी तपासलं. मला चार सेंटिमीटर काही कळले नाहीत, बोटांना काय लागतंय तेच समजेना, पण मी "हो मॅडम" म्हटलं आणि माझ्या लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही झाली.

म्हणजे तिला त्रास झाला तो झालाच, मी शिकलेही काही नाही. घाईघाईत, लाजून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता केलेल्या तपासणीतून हात शिकत नाही. पुढे इंटर्नशिपमध्ये मी एकटीनेच ठरवलं की विचारून करायचं. विचारलं की बाई क्षणभर थांबते, बघते, बहुतेकदा मान हलवते, आणि अंग सैल सोडते. अंग सैल सोडलं की तपासणी नीट होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते योग्यच आहे. केंद्र सरकारने 2017 च्या अखेरीस प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आणला. त्यात पडदा, सोबतीला घरची बाई, सन्मानाची वागणूक हे सगळं लिहिलेलं आहे. त्याचं पोस्टर आमच्याही लेबर रूमच्या दारावर होतं.

याहून बिकट एक प्रसंग असतो, त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. भूल दिलेल्या बाईची, ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी, विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेली आतली तपासणी. स्नायू ढिले असतात, गाठ छान हाताला लागते, शिकायला उत्तम, असं सांगतात. त्या बाईला ते कधी कळतही नाही. अमेरिकेतही हे वर्षानुवर्षं चालत होतं. तिथल्या आरोग्य खात्याने एप्रिल 2024 मध्ये रुग्णालयांना स्पष्ट कळवलं की अशा तपासण्यांसाठी, विशेषतः त्या विद्यार्थ्यांनी भुलेखालच्या रुग्णावर करायच्या असतील तर, आधी रुग्णाची माहितीपूर्वक संमती घेतलीच पाहिजे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात संमतीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. त्या बाईची संमती दुर्बिणीच्या तपासणीची आणि गरज पडल्यास पोट उघडण्याची होती, गर्भाशय काढण्याची नव्हती, आणि ती भुलेखाली असताना आईला विचारून तिचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि शुद्धीवर आल्यावर जिला स्वतःला विचारता येतं तिच्यासाठी दुसऱ्याने हो म्हणून चालत नाही. मी कायदेतज्ज्ञ नाही. पण एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, हे तत्त्व मला इथेही सरळ दिसतं. बाईने उपचाराला हो म्हटलं आहे. शिकवणीला नव्हे.

आमच्याकडे भरती करताना केस पेपरवर नातेवाइकाची सही किंवा अंगठा घेतात, 'पुढील सर्व उपचारांस माझी संमती आहे' या छापील ओळीखाली. रात्री दीड वाजता, कॅज्युअल्टीत, सिस्टर घाई करत असताना घेतलेला तो अंगठा सगळ्याला पुरतो असं धरून चाललं जातं.

मला नेहमी सांगतात की विचारत बसलात तर सगळेच नको म्हणतील आणि मग डॉक्टर तयार कुठून होणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मलाही तीच भीती होती. पण माझा अनुभव उलटा आहे. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, लावायचा होता. दम्याने खंगलेले, हातावरच्या शिरा दोऱ्यासारख्या. पहिल्या टोचण्याला शीर फुटली, निळं झालं. दुसऱ्यालाही नाही. माझे हात थरथरत होते. आजोबा म्हणाले, "पोरी, नवीन हायस व्हय?" मी हो म्हटलं. "मग आधी सांगायचं न्हवं का. बस हितं खाटंवर, उभ्यानं हात हालतोय तुजा. मला कुटं जायचंय?" मी बसले. तिसऱ्यांदा लागला. या माणसाला मी आधी विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता का? तो आधीच ओळखून होता. माझ्या न सांगण्याने त्याची नाही, माझीच अडचण झाली होती.

नको म्हणणारेही भेटतात. एका ताईने टाके घालायला मला नकार दिला, "मोठ्या डॉक्टरांना बोलवा" म्हणाली. चेहऱ्यावरची जखम होती, तिचं लग्न ठरलेलं होतं. मी सरांना बोलावलं. सर माझ्यावर चिडले, पण त्यांनी टाके घातले आणि मी शेजारी उभी राहून बघितले. माझ्या लॉगबुकातला एक आकडा हुकला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पोटरीवर तो भरून निघाला. सरकारी रुग्णालयात शिकणाऱ्याला रुग्णांचा तुटवडा कधी पडत नाही, म्हणून तर एका माणसाचा नकार आपल्याला सोसतो.

वेळ नाही, हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे आणि त्याचा दोष रेसिडेंट डॉक्टरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आलेला रेसिडेंट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उभा असतो. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जी डॉक्टर मारली गेली ती अशाच सलग ड्युटीत, टेकायला म्हणून सेमिनार रूममध्ये गेली होती. देशभर संप झाले, तासांची चर्चा झाली, आणि वॉर्डातले तास फारसे बदललेले मी तरी पाहिले नाहीत. तीस तास न झोपलेल्या माणसाकडून "ताई, तपासू का?" ची अपेक्षा करणं कठीण आहे, हे मी जाणते. मीही त्या थकव्यात एका म्हाताऱ्या बाईवर ओरडले आहे. म्हणून तर मी म्हणते, ही सवय विद्यार्थिदशेत लागली पाहिजे, झोप पुरेशी असते तेव्हा. एकदा तोंडात बसलेलं वाक्य थकव्यातही आपोआप येतं, जसं हात धुणं येतं.

आणि एक गोष्ट बोललीच पाहिजे. ज्या रुग्णालयांत वर पैसे भरून घेतलेल्या खोल्या असतात आणि खाली मोफत खाटा, तिथे विद्यार्थ्यांचा घोळका वर जात नाही. तिथे जायचं झालं तर सर एकटे जातात, दारावर टकटक करतात. म्हणजे विचारायचं कसं हे आम्हाला येतं. कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही, हेही आम्ही न शिकवता शिकलेलो असतो. मोफत उपचार घेतो म्हणजे त्याने शरीर शिकवणीला दिलं, असा अलिखित करार कुणीतरी करून ठेवला आहे, आणि त्या करारावर त्या माणसाची सही नाही. मोफत उपचार ही मेहेरबानी नाही. आपल्या करातून चालणारं ते रुग्णालय आहे, साबणाच्या वडीपासून काडेपेटीपर्यंत कितीतरी वस्तूंवर तोही कर भरत आला आहे.

हे सगळं आजच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला महाराष्ट्रात एकदम दहा नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. मिळून 900 जागा. मला या निर्णयाचा आनंद आहे. गडचिरोलीच्या मुलीला गडचिरोलीत डॉक्टर होता यावं, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण अशी महाविद्यालयं उभी राहतात ती बहुतेक आधीपासून चालत असलेल्या जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने. कालपर्यंत तिथे फक्त उपचार घ्यायला येणारा माणूस आता शिकवणीचाही भाग होणार आहे. पाटी बदलली, त्याला कुणी काही सांगितलं का? आणि जुन्या महाविद्यालयांत 'असंच चालतं' म्हणून जे मुरलं आहे ते या दहा ठिकाणी अजून मुरलेलं नाही. तिथे पहिल्या तुकडीला जे वळण लागेल ते पुढच्या वीस तुकड्यांना लागेल.

तिथे करता येण्यासारखं पुष्कळ आहे. दारावर मराठीत, आणि गडचिरोलीत गोंडी-माडियातही, स्पष्ट लिहावं की हे शिकवणारं रुग्णालय आहे, विद्यार्थी तुम्हाला विचारून तपासतील, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात. अॅप्रनवरच्या नावाखाली 'विद्यार्थी, दुसरे वर्ष' असं मराठीत असावं. एका खाटेभोवती एका वेळी तीन-चार जणांच्या वर कुणी नको. लेबर रूममधली तपासणी ज्याची तो, जिची ती. एका बाईवर एकच विद्यार्थी. भुलेखालची तपासणी आदल्या दिवशी बाईला शुद्धीत विचारून, कागदावर लिहून, नाहीतर नाहीच. लॉगबुकात प्रत्येक कृतीपुढे 'परवानगी घेतली' हा रकाना हवा, आणि सही करणाऱ्या वरिष्ठाने ते घेताना बघितलेलं असावं. तोंडी परीक्षेत रुग्णाशी विद्यार्थी कसा बोलला याला गुण असावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आमच्याकडे कुणी शिकत नाही. आणि प्रत्येक महाविद्यालयात स्किल लॅब नावाची खोली असते, तिथे रबराचे हात, प्रसूतीच्या प्रतिकृती असतात. आमच्या महाविद्यालयातल्या त्या खोलीला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप होतं, तपासणीची समिती यायची तेव्हा ती उघडायची. पहिली पन्नास टोचणी त्या रबराच्या हातावर झाली असती तर त्या आजोबांच्या दोन शिरा वाचल्या असत्या.

नऊ नंबरच्या त्या ताईकडे मी त्याच दिवशी दुपारी परत गेले होते. काही ठरवून नव्हे. माझी वही तिच्या स्टुलावर राहिली होती. वॉर्ड शांत होता, वॉर्डबॉय मामा फरशी पुसत होते. वही देताना ती म्हणाली, "एवढं काय ऐकता हो सगळीजणं?" मी स्टेथोस्कोपच्या नळ्या तिच्या कानांत घातल्या, बेल तिच्या छातीवर धरली आणि म्हटलं, "ठोक्यांच्या मध्ये लांबून गाडी घरघरल्यासारखं येतंय का बघा." तिने डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, "ऑपरेशन केलं की हे जातं का?"

मी तिला सांगितलं की मी अजून शिकतेय, डॉक्टर नाही, मला नक्की माहीत नाही. सरांना विचारून येते म्हटलं, आणि सरांना शोधायला गेले.